शांतीत काही राहिलं का?

नाशिकच्या पंचवटीत राहून मी गेली चाळीस वर्षं याज्ञिकी करतो. मुंज, लग्न, उदकशांत, श्राद्ध सगळंच करतो, पण लोक मला ओळखतात ते वास्तुशांतीसाठी. गंगापूर रोडचे बंगले, इंदिरानगरचे फ्लॅट, सिडकोतली घरं, सातपूरचे कारखाने. हजाराच्या वर तरी झाल्या असतील. त्यातली एक मनातून जात नाही.

दहीपुलाच्या अंगाला एका यजमानांनी दोन चौकी वाडा विकत घेतला होता. मोठ्या हौसेनं घेतला. वैशाखात आम्ही शांती केली. पाच ब्रह्मवृंद, ग्रहयज्ञ, वास्तुमंडल, बली, आग्नेय कोपऱ्यात प्रतिमेचा निक्षेप, सगळं यथासांग. त्याच्या पुढच्या वर्षी श्रावणात तीन दिवस झड लागली आणि चौथ्या पहाटे मागच्या चौकाची भिंत बसली. तिच्याबरोबर कडीपाट, माडी, वरचं धाबं सगळं खाली आलं. घरातली माणसं पुढच्या भागात निजली होती म्हणून वाचली. यजमानांच्या आई पाणी तापवायला मागे गेल्या होत्या. त्यांचा पाय मांडीत मोडला आणि त्यानंतर त्या चालल्या नाहीत.

मी भेटायला गेलो तेव्हा यजमान ओसरीवर बसले होते. केसांत पांढरी माती होती. त्यांनी मला पाणी दिलं, आणि मग अगदी हळू आवाजात विचारलं, "गुरुजी, शांतीत काही राहिलं का?"

त्या रात्री मी पोथी काढून सगळा प्रयोग पहिल्यापासून वाचला. काही राहिलं नव्हतं. तसं त्यांना सांगायची मात्र हिंमत झाली नाही, कारण पुढचा प्रश्न मला दिसत होता. काही राहिलं नव्हतं, तर मग भिंत का बसली? शांती कशासाठी केली होती?

चौदा वर्षं हा प्रश्न मी बाळगला. त्याचं उत्तर मला या वर्षी मिळालं, आणि तेही स्वतः घर घ्यायला निघालो तेव्हा.

तिवंधा चौकातून आत गेलं की एका बोळात माझ्या गुरुजींचं बिऱ्हाड होतं. वाडा त्यांचा नव्हे, ते भाडेकरू. दगडी जोतं, मधे चौक, चौकात आड, भोवती सागाचे अठरा खांब. त्याच ओसरीवर मांडी घालून मी संहिता म्हटली. आज माझ्याकडे बारा मुलं शिकतात, पंचवटीत पत्र्याच्या दोन खोल्यांत. एप्रिलमध्ये तिथं बसवत नाही. तेव्हा त्या वाड्याचे वारसदार विकायला निघालेत असं कळलं, आणि मला दुसरं काही सुचेना. पाठशाळा पुन्हा त्याच ओसरीवर. पत्नीचे दागिने, माझी शिल्लक, दोन यजमानांनी देऊ केलेली रक्कम असा हिशेब मी एका संध्याकाळी मांडूनही टाकला.

माझी लेक म्हणाली, "बाबा, आधी स्ट्रक्चरल तपासणी करून घ्या. बारा मुलं निजणार आहेत तिथं."

आमचे दादा समोरच बसले होते. ते म्हणाले, "गुरूच्या घराची परीक्षा बघायची? अडीचशे वर्षं उभा आहे तो. गोदावरीचे एवढे पूर बघितले त्यानं. आणि तपासणीचे अठरा हजार? तेवढ्यात लघुरुद्र होईल." थोडं थांबून त्यांनी गीतेचा आधार दिला. संशयी माणसाचा नाश होतो, त्याला हा लोकही नाही आणि परलोकही नाही.

दादांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. त्यामागे खरी भक्ती आहे. आपल्याकडे मानतात की वास्तू तथास्तु म्हणत असते, म्हणून घरात वाईट बोलू नये. मग घर घेण्याआधीच चार परकी माणसं आणून त्याच्या अंगावर हातोडी मारायची, त्याच्यात काय काय खोट आहे त्याची यादी करायची, हे त्यांना अभद्र वाटलं. मलाही पहिल्या दिवशी वाटलं.

पण गीतेचं ते वचन चौथ्या अध्यायात चाळिसावं आहे, आणि त्याच्या सहाच श्लोक आधी, चौतिसाव्यात, ज्ञान मिळवायची रीत सांगितली आहे: नम्र व्हावं, विचारावं, सेवा करावी. विचारण्याला तिथं शब्द आहे परिप्रश्न. म्हणजे नुसता एक प्रश्न नव्हे, सगळ्या बाजूंनी विचारणं. एकाच अध्यायात भगवंत विचारायला सांगतात आणि संशयी माणसाला सावध करतात, तेव्हा या दोन गोष्टी एक नव्हेत हे उघड आहे. संशयी माणूस विचारतच नाही, तो नुसता कुढतो. विचारणारा उत्तरापर्यंत जायला निघालेला असतो. न्यायदर्शनात सोळा पदार्थ मोजले आहेत. प्रमाण, प्रमेय, आणि तिसरा संशय. निर्णय त्याच यादीत पुढे येतो. संशय वाटेत लागणारच, तिथंच मुक्काम करायचा नसतो, एवढाच अर्थ मी त्यातून घेतो.

आणि घराच्या बाबतीत तर आपल्या पूर्वजांनी तपासणी आधी सांगितली आहे. मी ऋग्वेदी. आमच्या आश्वलायन गृह्यसूत्रात घर बांधण्याआधी जमीन कशी पाहावी ते दिलं आहे. गुडघाभर खड्डा खणा, काढलेली माती परत त्यात भरा. माती उरली तर जमीन उत्तम, बरोबर बसली तर मध्यम, कमी पडली तर सोडून द्या. मग सूर्यास्ताला तो खड्डा पाण्यानं भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी पाहा. वराहमिहिरानं बृहत्संहितेत हेच हातभर खड्ड्याचं सांगितलं, आणि पाणी भरून शंभर पावलं जाऊन परत यायला सांगितलं. आज इंजिनिअर मातीची परीक्षा करतात ती वेगळ्या यंत्रांनी, पण विचारतात हेच: ही जमीन भरीव आहे का, पाणी धरते का. मी हे सूत्र मुलांना शिकवतो. पण चाळीस वर्षांत एकाही यजमानाला मी विचारलं नव्हतं की खड्डा खणून पाहिलात का. सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये खड्डा कुठे खणणार, हे खरं. पण जिथं जमीन होती तिथंही नाही विचारलं. परीक्षा सुटली आणि पूजा तेवढी राहिली, ती आमच्यासारख्यांच्याच हातून.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तपासणी झाली. इंजिनिअर बाई आल्या, बरोबर एक मदतनीस आणि एक म्हातारे सुतार. मी तयारी म्हणून आत दिवे लावून ठेवले होते. बाई आत आल्याच नाहीत. अर्धा तास बोळातच फिरल्या. मागच्या बाजूच्या मोकळ्या प्लॉटमध्ये गेल्या. तिथं पूर्वी दुसरा वाडा होता, तो सहा वर्षांपूर्वी पाडला. त्या मला म्हणाल्या, "काका, ही समाईक भिंत आहे. दोन वाडे एकमेकांना टेकून उभे होते. एक काढला, दुसऱ्याला कुणी विचारलं नाही." जी भिंत दोनशे वर्षं आतली होती ती अचानक बाहेरची झाली होती. तिला गिलावा नव्हता, आधार नव्हता, आणि सहा पावसाळे तिनं उघड्या अंगावर घेतले होते. सुतारांनी ओळंबा सोडला. वर भिंतीपासून दूर धरलेला दोर मधे भिंतीला टेकला. भिंतीला पोट आलं होतं, चार बोटांचं.

मी त्या भिंतीच्या आतल्या बाजूला सात वर्षं पाठ टेकून बसलो होतो.

आत आल्यावर त्यांनी गिलाव्यापासून सुरुवात केली. २००८ च्या महापुरात पाणी त्या बोळात शिरलं होतं. त्यानंतर मालकांनी तळमजल्याला छातीपर्यंत सिमेंटचा गिलावा केला, ओल दिसू नये म्हणून. बाईंनी समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. माती आणि चुन्याची भिंत श्वास घेते. पावसाळ्यात ओल पिते, उन्हाळ्यात सोडते. सिमेंटनं तिचं तोंड बांधलं. ओल बाहेर पडेना, म्हणून वर चढली. सिमेंटच्या वरच्या रेषेला लोणा फुटला होता, पांढरं मीठ बोटाला येत होतं. आणि ओल चढत चढत जिथं पोचली तिथंच तुळयांची टोकं भिंतीत शिरलेली होती.

ती टोकं मी पाहिली नसती तर एवढं लिहिलं नसतं. तुळईला वारसदारांनी तपकिरी ऑइलपेंट दिला होता, चकचकीत. सुतारकाका शिडीवर चढले. लाकडी मोगरीनं तुळईवर मधे टोला दिला, खणखणीत आवाज आला. सरकत सरकत ते भिंतीकडे आले. दीड हातावर आवाज बदलला. पुढे बद्द. त्यांनी आरी घेतली आणि नुसती टेकवली. दाबली नाही, टेकवली. ती मुठीपर्यंत आत गेली. मग ते मला म्हणाले, "या गुरुजी, वर या." मी सोवळ्याओवळ्याचा विचार न करता शिडी चढलो. त्यांनी रंगाचा पापुद्रा नखानं सोलला. आत लाकूड नव्हतंच. वाळवीनं बांधलेले मातीचे पापुद्रे होते, रचून ठेवलेल्या पत्रावळींसारखे, आणि भुसा. मी बोट घातलं, दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. तुळई रंगावर आणि सवयीवर उभी होती. अशी टोकं निघाली अकरा.

तुळईच्या वर, माळवदावर, हजार लिटरची प्लॅस्टिकची टाकी. "भरली की एक टन," बाई म्हणाल्या, आणि वहीत लिहून घेतलं.

मी विचारलं, ते हातोडीचं यंत्र नाही का आणलं, कारखान्यांत मी पाहिलं आहे. त्या म्हणाल्या, रिबाउंड हॅमर काँक्रीटसाठी असतो, माती-चुन्याच्या भिंतीत तो काही सांगत नाही. काँक्रीटच्या इमारतींचा साचा घेऊन वाड्याची तपासणी करणारे असतात, ते दोन तासांत 'धोकादायक, पाडावा' असा कागद देतात. वाड्याला वाडा समजणारा माणूस लागतो. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण ज्यांना घ्यायचं आहे त्यांच्या उपयोगी पडेल.

शेवटी त्यांनी मागच्या भिंतीच्या दोन तड्यांवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या, खाली तारीख लिहिली. भिंत हलत असेल तर काच तडकेल. एकोणिसाव्या दिवशी एक तडकली.

अहवाल आला तेव्हा मला वाटलं, संपलं. पण त्यात दुसरी बाजूही होती. जोतं उत्तम. काळ्या दगडाचं, कुठेही खचलेलं नाही. अठरापैकी सतरा खांब निरोगी, कारण ते दगडी तळखड्यांवर आहेत आणि चौकातल्या वाऱ्यात आहेत. तुळयांची मधली लाकडं पुढची शंभर वर्षं जातील. कुजलेली टोकं कापून नव्या सागाचा सांधा देता येतो. सिमेंट उतरवून चुन्याचा गिलावा करावा, मागच्या भिंतीला बाहेरून धिरे द्यावेत, पन्हळ नवी घालावी, टाकी खाली आणावी. पाडायची गरज नाही.

बाजारात मात्र वाड्याबद्दल दोनच मतं ऐकू येतात. एक दादांचं: इतकी वर्षं उभा आहे, काही होत नाही. दुसरं दलालाचं: जुना झाला, पाडा. त्यात आता २०२७ चा सिंहस्थ तोंडावर, जुन्या नाशकात जागेला भाव आलेला. दोन्ही मतांना वाड्याकडे पाहायची गरज पडत नाही. एक भक्तीनं डोळे मिटतं, दुसरं हव्यासानं. ज्यानं मोगरी मारून कान लावला त्यालाच कळलं की हा वाडा मरणारही नाही आणि असाच जगणारही नाही.

याच सुमारास मला सप्तशृंगीची आठवण झाली. वणीची देवी आमची कुलस्वामिनी. २०२२ साली मंदिर काही काळ भाविकांसाठी बंद ठेवून तिच्या मूर्तीवरचे पिढ्यान्‌पिढ्यांचे शेंदराचे थर उतरवले. त्याआधी तज्ज्ञांनी मूर्ती तपासली होती. तेव्हा आमच्याकडे पुष्कळ कुजबूज होती, देवीच्या अंगाला हात कसा लावता म्हणून. नवरात्रात दार उघडलं आणि आतलं मूळ रूप लोकांनी पाहिलं. मी रांगेत उभा होतो. माझ्या पुढच्या बाईंनी हात जोडले आणि रडायलाच लागल्या. शेंदूरही भक्तीचाच होता. पण त्याच्या थराखाली मूर्तीचं काय होतंय हे पाहणं, तीही भक्तीच होती, आणि मला वाटतं जास्त कठीण भक्ती होती. पंढरपुरातही विठ्ठलाच्या मूर्तीची झीज पाहून पुरातत्त्व खात्याकडून वज्रलेप केला जातो. ज्या पायांवर वारकरी डोकं ठेवतात ते पाय किती झिजलेत हे कुणीतरी जवळ जाऊन पाहावंच लागतं.

आपल्या शास्त्राला झीज माहीत होती. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा स्वतंत्र विधी आहे. भंगलेली मूर्ती लाकडाची असेल तर अग्नीला द्यावी, दगडाची असेल तर पाण्यात सोडावी, आणि तिच्या जागी त्याच मापाची, त्याच द्रव्याची नवी बसवावी. गृहप्रवेशाचे प्रकार सांगताना अपूर्व, सपूर्व यांच्याबरोबर द्वंद्व प्रवेश सांगितला आहे, आगीनं, पाण्यानं मोडलेलं घर पुन्हा उभं केल्यावर करायचा. घर पडतंच नाही अशी भाबडी समजूत ज्यांची होती त्यांनी हा प्रकार सांगितला नसता. पांडवलेण्यांत तिसऱ्या क्रमांकाचं लेणं गौतमी बलश्रीचं, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं. सातवाहन राजघराण्यानं लेणं कोरून भिक्खूंना दिलं तेवढ्यावर थांबलं नाही. त्या लेण्याच्या देखभालीसाठी एक गावही दिलं, आणि ते तिथंच भिंतीवर कोरून ठेवलं. अखंड डोंगरात खोदलेलं लेणं, त्याला ना तुळई ना वाळवी, तरी त्याच्या देखभालीची तरतूद. मुलांना मी दर वर्षी तिथं नेतो. या वर्षी तो लेख दाखवताना मला लाज वाटली.

आता त्या प्रश्नाचं उत्तर.

वास्तुपुरुषाची कथा मत्स्यपुराणात आहे. अंधकासुराशी लढताना शंकराच्या घामातून एक प्राणी उपजला. तो भुकेला होता, वाढत गेला, तिन्ही लोक गिळायला निघाला. देवांनी त्याला पालथा पाडून दाबून धरला, आणि ज्यानं जिथं धरला तो तिथंच बसला. म्हणून मंडलात पंचेचाळीस देवता. तो खालून म्हणाला, मला असं दाबून धरलंत, मी काय खाऊ? देवांनी सांगितलं, जो कुणी घर बांधील तो तुला बली देईल. ही कथा मी शेकडो वेळा यजमानांना सांगितली आणि प्रत्येक वेळी असं सांगितलं की जणू वास्तुपुरुष घराचा राखणदार आहे. पण कथेत तो राखणदार कुठे आहे? तो भार वाहणारा आहे. पालथा पडलेला, भुकेला, पाठीवर सगळं घर घेतलेला. शांती म्हणजे त्याच्याकडून हमी लिहून घेणं नव्हे. त्याचं ऋण मान्य करणं आहे. घर बांधताना झाडं तोडली, जमीन खणली, किडामुंगी मेली, तुझ्या पाठीवर भार टाकला, त्याची क्षमा मागणं आहे.

आणि ज्याच्या पाठीवर भार टाकला, त्याला काय सोसतंय हे विचारलंच नाही, तर त्या क्षमेला अर्थ काय? तुळई, खांब, भिंत, जोतं हीच त्याची पाठ. दुसरी कुठली पाठ मला दाखवता येणार नाही.

दहीपुलाच्या त्या यजमानांच्या शांतीत काही राहिलं नव्हतं. जे राहिलं ते शांतीच्या आधीचं होतं. त्या मागच्या भिंतीत न्हाणीघराची ओल मुरत होती, हे मला आता आठवतं. मंडल मांडताना माझ्या पाटाशी भिंत थंड लागली होती. मी पाट पुढे ओढून घेतला आणि संकल्प सांगितला. मी विचारायला हवं होतं. त्यांच्याकडे जाऊन मी हे त्यांना सांगितलं. आई आता नाहीत. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "चला, निदान शांतीत तरी काही राहिलं नव्हतं."

एक गोष्ट अहवालानंतर घडली, ती मी अपेक्षिली नव्हती. वाड्यात माडीवर एक आजी आणि त्यांचा नातू राहतात, पागडीचे जुने भाडेकरू. त्यांची खाट नेमकी मधल्या तुळईखाली, जिचं टोक सुतारकाकांनी मला दाखवलं होतं. मध्यस्थ मला म्हणाला, गुरुजी, रिपोर्ट तुमचा, तुम्ही पैसे दिलेत, भाडेकरूंना कशाला दाखवता, उगाच गडबड होईल. कायद्याच्या दृष्टीनं त्याचं बरोबरही असेल. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. ज्ञान पैसे देऊन घेतलं म्हणून ते माझ्या एकट्याचं कसं होईल? तपासणीआधी मी फक्त गिऱ्हाईक होतो. ती काच तडकल्यावर मी साक्षीदार झालो. त्या तुळयांखाली कुणीही निजत असो, मी वाडा घेवो न घेवो, मी त्यांचं काही देणं लागत होतो.

मी गेलो, आणि आजींना मराठीत वाचून दाखवला. त्या ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "गुरुजी, तुम्हीपण त्यातलेच का?"

त्यांचं काय चुकलं? या भागात धोकादायक इमारतीचा कागद म्हणजे भाडेकरू काढायची पहिली पायरी, हे त्यांनी शेजारीपाजारी पाहिलेलं. दर पावसाळ्याआधी महापालिका वाड्यांना नोटिसा लावते. तीस वर्षांवरच्या इमारतीला स्थैर्य प्रमाणपत्र घ्यावं असं महापालिका अधिनियमात कलम २६५-अ आहे. पण मालक-भाडेकरूंचं पटत नाही, वारसदारांत वाद, दुरुस्ती कुणी करायची यावर घोडं अडतं, आणि तोवर श्रावण येतो. खरं सांगणाऱ्यावरही विश्वास बसू नये इतकं खोटं या कागदांतून लोकांनी सोसलं आहे. मी वाद घातला नाही. नातवाला शिडी धरायला सांगितली. त्यानं स्वतः बोट घातलं. खाली उतरला आणि काही न बोलता खाट ओढून खांबाशी घेतली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही टेकू लावले, निलगिरीच्या बल्ल्यांचे, अकराही टोकांना. खर्च मी केला. दादा म्हणाले, अजून इसार नाही, सही नाही, लोकांच्या घराला टेकू कसले लावतोस? पण टेकू लावायच्या दिवशी ते स्वतः आले आणि पहिल्या बल्लीखाली पाचर ठोकेपर्यंत उभे राहिले. आषाढात गोदावरीला पूर येऊन दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं तेव्हा रात्री अकराला मी आणि ते, दोघंही छत्री घेऊन बोळात जाऊन आलो. भिंत होती. टाकी आधीच खाली आणली होती.

वाडा मी घेणार आहे. नऊ वारसदारांपैकी सहांच्या सह्या झाल्या. ठरलेल्या किमतीतून दुरुस्तीचा अंदाज वजा करून घेतला, तो अहवाल समोर ठेवूनच. आजी आणि नातू तिथंच राहतील, तसं करारात लिहून घेतलं आहे. टोकं बदलून, सिमेंट उतरवून झालं की मगच मुलं येतील. प्रवेश द्वंद्व करायचा की जीर्णगृहाचा यावर दादांचा आणि माझा वाद चालू आहे, तो गोड वाद आहे.

मुहूर्त विचारायला येणाऱ्यांना मी आता आधी तीन गोष्टी विचारतो. घर जुनं आहे का? असेल तर तुळयांची टोकं कुणी पाहिली? पूररेषा कुठून जाते ते विचारलंत? लोकांना आधी आश्चर्य वाटतं, काहींना रागही येतो. या वर्षी जुन्या नाशकातून चौघे आले. दोघांनी तपासणी करून घेतली, त्यांच्या शांतीच्या तारखा मी दिल्या आहेत. उरलेल्या दोघांना तपासणी होईपर्यंत तारीख दिलेली नाही.